चार जणांसाठी

छापील शब्दावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांइतकी श्रद्धा ठेवणारा माणूस जयपुरातच काय, पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलेलं दिसलं, तर कितपत हलवायचं हे विचारायला पुन्हा दुकानात जाणारे हे गृहस्थ. मूळचे कोल्हापूरचे, विम्याच्या ऑफिसात अधिकारी, तिलक नगरात आमच्या डोक्यावर राहायचे. बायको बँकेत. तिला बढती मिळाली ती नेमकी कोल्हापूरला, आणि मुलगी दहावीत. मुलीला शाळा सोडायची नव्हती आणि साहेबांना मुलगी. बाई निघताना जिन्यात आमच्यादेखत बजावून गेल्या, "दिवाळीपर्यंत बघते. पोरगी डब्यावर जगताना दिसली, तर सरळ घेऊन जाणार." जन्मात कधी चहासुद्धा न केलेल्या साहेबांनी त्याच संध्याकाळी झटपट रात्रीच्या जेवणाचं एक मराठी पुस्तक कुठूनसं पैदा केलं आणि कंबर कसली.

ऑफिसातून आले की बूट काढायचे, हात धुवायचे आणि तडक ओट्यापाशी उभं राहायचं. "बसलो की संपलो," म्हणायचे. मुलीचं देवनागरी शाळेतल्या हिंदीच्या तासाचं. ती अडखळत कृती वाचायची आणि साहेब वरिष्ठांचा हुकूम आल्यासारखे कामाला लागायचे. 'दोन मध्यम कांदे' आले की भाजीवाल्याची परीक्षा. "भैया, ये मध्यम है क्या?" तो बिचारा म्हणायचा, "साहब, आप ले जाओ, घर पहुँचते-पहुँचते मध्यम हो जाएगा." पहिलं थालीपीठ तव्याला असं चिकटलं की तव्यासकट पानात वाढायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थालीपीठ, तिसऱ्या दिवशीही. कारण साहेबांचा नियम असा, की जमल्याशिवाय पान उलटायचं नाही. तो अख्खा आठवडा आम्ही थालीपीठ खाल्लं.

आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको. आमचा यात काय संबंध, तर पुस्तकातल्या प्रत्येक कृतीखाली लिहिलेलं, 'चार जणांसाठी'. घरात माणसं दोन. मी एकदा सुचवलं, "अहो, सगळं निम्मं घ्या." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू खोटा दावा घेऊन आलोय. "निम्मं करा असं पुस्तकात कुठं लिहिलंय? आणि जिन्नस निम्मे केले, तर शिजायचा वेळही निम्मा धरायचा का, सांगा की!" बँकेत उभी हयात घालवलेला मी जिना उतरून खाली आलो. मग रोज आठच्या सुमाराला जिन्यातून हाक यायची, "झालंय! चौघांचं झालंय. या की!" माझी बायको सुगरण. सुरुवातीला ती घरी नीट जेवून मगच वर यायची. पुढे एके दिवशी म्हणाली, "दिवसभर हप्त्यांचे हिशेब करणाऱ्या माणसाला निम्मं करता येत नाही होय? पोरीला चार माणसांत जेवता यावं म्हणून चाललंय हे सगळं." आणि तिनं संध्याकाळचा आमचा स्वयंपाकच बंद केला. मला मात्र ते पटलेलं नाही. तो माणूस पुस्तकाला खरंच घाबरायचा. यावर आमचं अजून एकमत नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी बाई आल्या. आज आपण जाऊ नये, असं आम्ही ठरवलं होतं; पण हाक आलीच. मसालेभात होता आणि टोमॅटोचं सार. "बाबांना येतो मसालेभात," मुलगी आईला सांगत होती. "मतलब, पहिल्यांदा नाही येत. तिसऱ्यांदा येतो." साहेब वाढत होते. बाई जेवता जेवता मुलीच्या पानाकडे बघत होत्या. मुलीनं भात दोनदा मागून घेतला तेव्हा मला हायसं वाटलं. मग बाईंनी मान वर केली.

"अहो, तुमचं पान कुठाय?"

"मी नंतर बसतो."

पातेलं रिकामं झालेलं होतं. भात चौघांचा, माणसं पाच. त्यावर पुस्तकात काही तोड नव्हती, म्हणून साहेबांनी स्वतःलाच वगळलं होतं. बाई उठल्या, एक ताटली आणली, आपल्या पानातला निम्मा भात तिच्यात काढला आणि त्यांच्यापुढे ठेवली. साहेब खाली बसले. निम्म्याला हरकत न घेता जेवलेले मी त्यांना त्या दिवशीच पाहिले. हात धुताना बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "राहू दे तिला इथंच." मुलगी हसत सुटली आणि माझ्या बायकोनं डोळ्याला पदर लावला.

आता ती मुलगी पुण्याला कॉलेजात आहे, आणि साहेबांची बदली रायपूरला झाली. तिथं ते एकटेच असतात. कधीमधी आठच्या सुमाराला फोन वाजतो. "झालंय बघा. या की!" मी म्हणतो, "आलोच." उरलेल्या तिघांच्या जेवणाचं ते काय करतात, हे मी विचारत नाही. फोन ठेवला की आम्ही दोघं जेवायला बसतो. मुठीनं तांदूळ मोजणारी, आयुष्यात कधी अंदाज न चुकलेली माझी बायको. पण आमच्याकडे हल्ली रोज भात उरतो.