दोनदा पडलेलं मीठ

मीठ मी टाकलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे पुन्हा जीभ अडखळेल.

माझं सासर पश्चिम खानदेशात, तापीकाठी. घरात सासऱ्यांची थोरली काकू होती, ऐंशी पार केलेली, मूलबाळ नसलेली विधवा. तिला सगळे मोठीमाय म्हणत. उन्हाळ्यात ज्वारीचा घाटा शिजवून, ओल्या कापडावर थापून, वाळवून वर्षभराच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करायच्या. त्या दिवसांत गल्लीतल्या घराघरांतून तिला बोलावणं यायचं, कारण आधणात मीठ तिच्याच मुठीने पडायचं. बाकी जगात तिचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

मी नवी सून, अंगात रग भारी. त्या वर्षी ती आंघोळीला गेली असताना मीच आधणात मीठ घातलं. म्हातारीच्या मुठीत असं काय सोनं आहे, बघू तरी! ती आली आणि तिनेही रोजच्यासारखं मीठ टाकलं. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही.

घाटा जिभेवर धरवेना. हंडाभर ज्वारी वाया गेली. बायका हसल्या, म्हणाल्या, "बुढीनी दोनदा टाकं." मोठीमाय एकेकीला विचारत सुटली, "मी एकदाच टाकं ना वं?" मलाही विचारलं. मी म्हटलं, "माले नही माहीत."

सासू वाईट नव्हती. मायेनेच म्हणाली, "मोठीमाय, आता तुम्ही बसा. काहीच करू नका."

ती बसली. कणगीकडे तोंड करून, दिवसच्या दिवस. केस विंचरेना. भाकरीचा एक तुकडा मोडायची आणि ताट सरकवायची. विचारलं तर म्हणायची, चव लागत नाही. कोणी फार मनावर घेतलं नाही. इतकी म्हातारी बाई गप्प बसली की घराला बरंच वाटतं. माझी मात्र तिच्यासमोर जायची हिंमत होत नसे, आणि त्याचा राग मी तिच्यावरच काढायची. ताट आदळून ठेवायची.

विसरणं पुढच्या दिवाळीनंतर सुरू झालं. नदीवरून घरची वाट सापडेना. सासूला ती स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली. वैद्याने म्हातारचळ म्हणून हात झटकले. लोक म्हणत, आठवण गेली म्हणून बिचारी उदास झाली. उलट होतं. मी रोज पाहत होते. आधी तिचा स्वतःवरचा भरवसा गेला, मग जीव विटला, आणि मग आठवण गेली. तिचं डोकं तसंही जाणारच होतं, असं मी अधूनमधून स्वतःला समजावते. ते टिकत नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा आधण ठेवलं तेव्हा मला राहवेना. घरात आम्ही दोघीच होतो. तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं, "मोठीमाय, मीठ मी टाकेल व्हतं. तुम्ही एकदाच टाकं."

मी कोण, हे तिला कळलं नव्हतं. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "रडू नको वं पोरी. त्या घरमा एक येडी बुढी शे, तिले काही याद ऱ्हास नही. तिनीच दोनदा टाकं व्हई."