डावीकडचं वळण

आमच्या खळ्यावर ट्रॅक्टर फिरायचा तो कायम उजवीकडून. बैल होते तेव्हा त्यांना मधल्या खांबाला बांधून देवळातल्या प्रदक्षिणेसारखं फिरवत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, दिशा तीच राहिली. कापलेलं भात अंथरायचं, त्यावरून चाकं गोल गोल न्यायची, दाणे सुटले की पेंढा झाडून बाजूला करायचा. गावातल्या पोरांना गाडी शिकायला हीच एक शाळा होती, आणि तीही फक्त मुलग्यांची. मुलींनी आकडी घेऊन पेंढा उलटायचा.

मी सातवीत होते आणि हट्टाला पेटले होते. काकाच्या मागे अशी भुणभुण लावली की कंटाळून त्याने मला सीटवर बसवलं आणि स्वतः मडगार्डवर टेकला. क्लच दाबायला मला उभं राहावं लागे. चार दिवसांत मी डोळे मिटूनही फेऱ्या मारल्या असत्या. तरी मळणीला किल्ली मिळायची ती माझ्याहून लहान चुलतभावालाच, आणि माझ्या हातात आकडी. एका संध्याकाळी मी ती आकडी पेंढ्यात भिरकावली.

काका चिडला नाही. म्हणाला, "उद्या गाडी खळ्यावरनं घरापर्यंत एकटी आन. आनलीस तर मळनी तुजी. नाय आनलीस तर परत नाव काडायचं नाय."

सकाळी निघाले. पहिला गिअर, शेताकडेची सरळ वाट. पुढे फणसाशी डावीकडे वळलं की घराची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी काका उभा, शेजारी चुलतभाऊ दात काढत. फणस जवळ आला आणि माझ्या ध्यानात आलं. मी आजवर डावीकडे कधी वळलेच नव्हते. डाव्या अंगाला कुंपणाचे दगड, वळण अरुंद. स्टिअरिंग डावीकडे ओढून पाहिलं तर हात ऐकेनात. चाक सरळ दगडांवर जाऊ लागलं. मी दोन्ही ब्रेकवर उभी राहिले. रिव्हर्स येत नव्हता. समोर चुलतभाऊ हसत होता, आणि त्याच्या हसण्याचा मला इतका राग आला की भीती कुठल्या कुठे पळाली.

मग जे येत होतं तेच केलं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि ट्रॅक्टर सरळ आमच्या कापलेल्या शेतात घातला. बांधावरून उडाले, टाळूपर्यंत हादरे बसले. शेतात काकूने कालच वाल पेरला होता. "आगं, माजा वाल," ती पडवीतून ओरडली. मी ऐकलं आणि वळतच राहिले. खळ्यावर मारायचे तसा गोल मारत पाऊण फेरी पुरी केली, तर समोर नाकासमोर घराची गल्ली. बांध ओलांडला, मघाची वाट आडवी कापली आणि फणसाखालून थेट अंगणात आले. काका आणि चुलतभाऊ बाजूला उड्या मारून वाचले.

"डावीकडं का नाय वळलीस गं?" काकाने विचारलं.

"येत नाय मला."

"मग आलीस कशी?"

"उजवीकडनं."

त्याने वर चढून इंजिन बंद केलं. मग ट्रॅक्टरची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि आकडी चुलतभावाच्या हातात. मला इतका आनंद झाला की मी दिवसभर जेवले नाही. आज शेलू स्टेशनजवळच्या नव्या इमारतींना भाजी पुरवायला माझा स्वतःचा टेंपो आहे, पण त्या किल्लीची सर कशालाच नाही.

थंडीत वाल उगवला. सगळीकडे हिरवा, फक्त चाकं गेली तिथे विरळ, पाऊण गोल साफ दिसणारा. काकू तिथे पुन्हा पेरणार होती. काकाने पेरू दिलं नाही. शेंगा भरल्या तशी त्याच शेतात पोपटी लावली, शेंगांनी भरलेलं मडकं उपडं घालून भोवती जाळ केला, आणि पाहुण्यांनी विचारलंच की हे मधे काय झालंय.

"आमची पोरगी ट्रॅक्टर चालवती," काका शेंगा सोलत म्हणाला. "डावीकडं वळायचं आसंल तर तिला जरा शेत लागतं. तर काय, शेत हाय आपल्याकडं."