गुमटावरचे ओहोळ
शिमग्यात वाजवण्याआधी मातीच्या गुमटाचं कातडं विस्तवावर तापायला लागलं की त्या वासानं माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कुंभारवाड्याला मास्तर असताना म्हाताऱ्या गुमटवाल्याला मीच वर्गात बोलावलं होतं. शिमग्याचा मेळ ज्या वाटेनं वाड्या फिरतो, त्या वाटेवरचे ओहोळ म्हाताऱ्याच्या गाण्यात क्रमानं येत. पोरं त्यातून भूगोल शिकत. एके दिवशी तपासणीला आलेले साहेब दारातूनच म्हणाले, “ही शाळा आहे का शिमगा?” मी घाबरून खोटं बोललो, “हा आपणहून आलाय, साहेब.” पोरं माझ्याकडे बघत राहिली. म्हातारा गुमट उचलत म्हणाला, “व्हय साहेब, मास्तर न्हाईच म्हनत हुते.” तो पुन्हा शाळेत आला नाही. ती पोरं आता मेळात गातात, आणि गाण्यात म्हाताऱ्याच्या दारचा ओहोळ आला की मी अजून उठून जातो.