पेडल मेलंय

ब्रेक तपासायचा झाला की मिस्त्री उजव्या पायातली चप्पल काढून गॅरेजच्या उंबऱ्याशी ठेवायचा आणि अनवाणी पायानं गाडीत बसायचा. गल्लीच्या तोंडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक फेरी, वाटेत सहा-सात वेळा दाबून बघायचं, परत. उतरला की निकाल. "गादी झालीय," म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरलीय. "दगड आहे," म्हणजे पॅडवर झिलई चढलीय, पाय ठणकतो पण गाडी ऐकत नाही. "जिवंत आहे," म्हणाला की गिऱ्हाईक चावी उचलून चालतं व्हायचं. तीस वर्षांत या निकालावर कुणी वर दाद मागितल्याचं ऐकिवात नाही. गल्लीत तर त्याला 'तळपाय' असंच म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

गेली काही वर्षं त्याच्याकडे हौशी मंडळी यायला लागली होती. आठवडाभर बँकेत नाहीतर दवाखान्यात बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी आपलीच रोजची गाडी रेसट्रॅकवर नेऊन पिदडायची, नाहीतर मोकळ्या मैदानात शंकू मांडून त्यांच्यामधून घड्याळ लावून पळवायची. प्रत्येकाच्या फोनमध्ये लालभडक, सहा पिस्टनच्या ब्रेक-कॅलिपरचा फोटो असायचा. मिस्त्री फोटो बघायचा, फोन परत द्यायचा.

"सुंदर आहे. भिंतीवर लावा."

"अहो मिस्त्री, पण ब्रेक जोरात लागेल की."

"गाडी ब्रेक थांबवत नाही, टायर थांबवतो. टायरनं जमीन सोडली की तुमचा लाल डबा काय पोहायला जाणार?"

मग तो त्यांना खाली बसवून सांगायचा. ट्रॅकवर खरा वैरी उष्णता. वीस मिनिटं सारखं दाबत राहिलं की ऑइल उकळतं, पॅड थकतो. तिथं चांगलं ऑइल आणि उष्णता सोसणारे पॅड हवेत. शंकूंच्या शर्यतीचं उलटं. मिनिटभराचा खेळ, ब्रेक तापायच्या आत संपतो. तिथं ट्रॅकचे पॅड घातले तर थंडपणी ते लाकडासारखे घासत बसतात. आणि मागच्या चाकांच्या नादी अजिबात लागायचं नाही. पुढचं चाक अडकलं तर गाडी सरळ जाऊन कुठंतरी आपटेल; मागचं आधी अडकलं तर गाडी तोंड फिरवून आपण कुठून आलो ते बघत बसते.

हे सगळं ज्यांनी वहीत लिहून घेतलं अशा एकच निघाल्या, त्या गणिताच्या बाई. शाळेत नववी-दहावीला शिकवायच्या, वय चाळिशीच्या पुढं, गाडी पंधरा वर्षं जुनी. चाक अडकलं की आपोआप सोडवणारी यंत्रणा तिच्यात नव्हती. पुढे डिस्क, मागे ड्रम. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, "मिस्त्री, माझ्या गाडीला काय शोभेल?"

"शोभायचं काय घेऊन बसलात, ती लग्नाला चाललीय का?"

बाई पोट धरून हसल्या होत्या. तेव्हापासून तीन वर्षं त्यांची गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नाही. शंकूंमध्ये त्या चांगल्या चालवायच्या. पुरुष मंडळींना ते सहन व्हायचं नाही, म्हणून ते त्यांना फार आदरानं 'मॅडम' म्हणायचे.

यंदा बाईंनी ट्रॅकवर जायचं ठरवलं. मिस्त्रीनं ऑइल बदललं, पुढे उष्णता सोसणारे पॅड घातले आणि फेरी मारून आला.

"पेडल मेलंय," तो म्हणाला. "पायाशी बोलतच नाही."

टायरवाला मेहुणा शेजारच्याच गाळ्यात असायचा. तो म्हणाला, "दाजी, नवे पॅड आहेत, बसायला वेळ लागेल."

"मला शिकव आता."

पॅड नीट बसवून घेतले. जोरात पळवायचं, दाबायचं, पूर्ण थांबू द्यायचं नाही, मग निववायचं. तरी मेलेलंच. रबरी नळ्या फुगत असतील म्हणून स्टीलच्या जाळीच्या नळ्या घातल्या. तसंच. आणखी कडक चावणारे पॅड मागवले. किंचित फरक पडल्यासारखा वाटला, का वाटून घेतला, देव जाणे. वर्ष-दीड वर्ष त्याला सगळ्याच गाड्या अशा लागत होत्या. नवा माल सगळा बोगस येतो, अशी त्याची खात्री झाली होती आणि तो कंपन्यांच्या नावानं शिव्या घालायचा. मेहुणा एकदा म्हणालाही होता, "दाजी, हल्ली तुमच्या हातची गाडी चावते हो. पाय टेकवला की नाक काचेवर." मिस्त्री म्हणाला, "तुझं नाकच तेवढं पुढं आहे."

शेवटी त्यानं जे तीस वर्षांत कुणाच्या गाडीला केलं नव्हतं ते केलं. बाईंच्या मागच्या ड्रममध्येही कडक लायनर, म्हणजे ड्रमचे पॅडच, घातले. फेरी मारून आला, चप्पल घातली, म्हणाला, "आता जरा धुगधुगी आहे."

बाई एक फेरी मारून आल्या. इंजिन बंद करून दोन मिनिटं बसूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगलं आहे."

ट्रॅकवर तिसऱ्या फेरीला, सरळ रस्ता संपून डावं वळण येतं तिथं बाईंनी ब्रेक दाबला आणि गाडीचं शेपूट त्यांच्या पुढं आलं. दीड गिरकी घेऊन ती टायरच्या भिंतीत उजव्या बाजूनं शिरली. बाईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि खांद्याचा स्नायू फाटला. मंडळी धावली, उचललं, दवाखान्यात नेलं, सगळं नीट केलं. आणि मग चहा पिता पिता निकाल लावला: मॅडमनी उशिरा दाबला. घाबरून दाबला. शंकू वेगळे आणि ट्रॅक वेगळा, सांगून ऐकतंय कोण. मिस्त्री तिथंच उभा होता. तोही म्हणाला, "उशीर झाला असेल."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तो घरात खाटेवर पडून पेपर वाचत होता. बायको पायाशी बसून गहू निवडत होती.

"अहो, हे काय?"

"काय?"

"पाय हलवू नका." ती उठून चिमटा घेऊन आली. वाचणं चालूच होतं. थोड्या वेळानं तिनं त्याच्या पेपरवर काहीतरी ठेवलं. लोखंडी ब्रशचा केस, बोटाच्या पेराएवढा लांब, रक्तानं काळा झालेला. ड्रम घासायचा ब्रश त्यानं शुक्रवारी वापरला होता.

"दुखलं नाही?"

"कधी काढलास?"

बायको डोळ्याला पदर लावून म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं. तोंडातून शब्द काढू नका."

डॉक्टरनं खाटेवर झोपवलं आणि सांगितलं, "डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणायचं." मिस्त्री डोळे मिटून, कान टवकारून पडून राहिला. पंखा फिरत होता. बराच वेळ गेला.

"सुरू कधी करताय, डॉक्टर?"

"झालं," डॉक्टर म्हणाला. त्याच्या हातात नायलॉनचा एक दोरा होता. "दहा ठिकाणी टेकवला. दोन्ही पायांना."

रक्तातली साखर किती वर्षांपासून वाढलेली असेल ते सांगता येत नव्हतं. औषधानं ती खाली येईल, पाय जपले तर जखमा टळतील, असं डॉक्टर म्हणाला. मिस्त्रीनं एकच विचारलं. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही."

घरी येताना बायको रस्ताभर त्याचा दंड धरून होती. तो मनातल्या मनात गाड्या मोजत होता. या वर्षातल्या, गेल्या वर्षातल्या, ज्या त्याला मेलेल्या लागल्या आणि त्यानं आणखी कडक करून सोडल्या. बँकवाल्याची. दातांच्या डॉक्टरची. त्या एका पोरीची, जिच्या गाडीत मागे लहान मुलाची सीट होती. मोजणं मध्येच थांबलं, कारण सगळ्या आठवेनात.

दोन दिवसांनी तो बाईंकडे गेला. बाई टेबलाशी बसून डाव्या हातानं वह्या तपासत होत्या. उजवा हात गळ्यात. बरोबरच्या खुणा सगळ्या वाकड्या येत होत्या.

"बसा मिस्त्री. गाडी काढून टाकली हो. भंगारवाला कालच घेऊन गेला."

"असू दे."

"आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझीच चूक. सगळे म्हणाले तेच खरं, उशिरा दाबला."

मिस्त्रीनं खुर्चीत बसून पाय सरळ पुढं केले, जणू ते दाखवायलाच आणले होते. मग सगळं सांगितलं. ब्रशचा केस, दोरा, मेलेलं पेडल, मागचे लायनर. "तुम्ही वेळेवरच दाबलात, बाई. मागची चाकं आधी अडकली. ती मी अडकवली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. खिडकीतून शेजारच्या घरातला कपडे आपटण्याचा आवाज येत होता, धप, धप.

"मला जाणवलं होतं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या गल्लीतच. टाकीजवळ दाबला तर मागून कुणीतरी सीट ओढल्यासारखं झालं. परत दाबला, परत तसंच. येऊन बसले होते ना मी गाडीत? सांगावं का, असाच विचार करत होते. मग म्हटलं, मिस्त्रींना मेलेलं लागतंय आणि मला चावरं लागतंय, म्हणजे माझाच पाय चुकत असणार. तुमच्यापुढं मी काय बोलणार?"

"बोलायचं होतंत," मिस्त्री म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःची लाज वाटली.

"ऐकलं असतंत?"

बाईंनी पेन उचललं. "मी आता बसणार नाही हो गाडीत. तुमच्यावर राग म्हणून नाही. रिक्षात बसले तरी पाय जमिनीत रुततो." मग पुढची वही ओढून त्यांनी एक वाकडी खूण केली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बँकवाल्याची गाडी उभी होती. मिस्त्रीनं त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं. कडक पॅड काढून साधे घातले, जसे मुळात असायला हवे होते तसे. मग सवयीनं दाराशी गेला, एक चप्पल काढली, आणि परत घातली. मेहुण्याला हाक मारली.

"तू मारून ये फेरी."

मेहुण्यानं काही विचारलं नाही, बहिणीनं सगळं सांगितलेलं होतं. तो गेला, टाकीला वळसा घालून आला.

"काय वाटलं?"

"बरं वाटलं."

"बरं म्हणजे? खाली गेल्यावर लागतं का वरच लागतं? मऊ आहे? पाय उचलताना चिकटतं का?"

मेहुणा डोकं खाजवत उभा राहिला. त्याला खरोखर सांगायचं होतं. "दाजी, बरं म्हणजे... बरं. ब्रेक आहे, दाबला, लागला. आणखी कसं सांगू?"

"परत जा. सावकाश दाब. पोटऱ्यांकडे लक्ष नको, तळव्याकडे दे."

तो तीनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "जिवंत आहे." मिस्त्रीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मिस्त्रीचं समाधान व्हावं म्हणून तो म्हणाला, की खरंच वाटलं म्हणून, हे कळायला आता काही उपाय नव्हता.

बँकवाला बाकावरून उठला. "मिस्त्री, नेऊ का गाडी?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याआधीच तो सांगून मोकळा झालेला असायचा. मेहुणा त्याच्याकडे बघत होता. बँकवाला चावीसाठी हात पुढं करून उभा होता.

"सावकाश न्या," मिस्त्री म्हणाला.

गाडी गल्लीतून निघाली. तोंडाशी वळण्याआधी तिचे मागचे ब्रेकचे लाल दिवे लागले. ते लागलेले मात्र त्याला दिसले.