गुंडुरावांच्या कोंबड्यांचे पाहुणे

म्हैसूरच्या चामराजपुरमचे गुंडुराव जात्याच भित्रे. घराण्याचा कापड रंगवण्याचा धंदा आजोबांबरोबर संपला. पुढे गुंडुरावांनी बन्नूरच्या रस्त्याला अंडी देणाऱ्या कोंबड्यांची शेड टाकली आणि त्यांच्या भीतीला पंख फुटले. कोंबडी शिंकली की हे औषधाच्या दुकानात. म्हणून एकही कोंबडी आजारी नसताना ते रोज खाद्यात अँटिबायोटिक मिसळत.

सांगलीहून म्हैसूरला आलेल्या पशुवैद्य देवश्रीने त्यांना समजावलं, "काका, असं रोज दिलंत तर जंतू औषधाला सरावतात. मग खरा आजार आला की औषध चालत नाही. त्यापेक्षा ही प्रोबायोटिक पावडर पाण्यातून द्या. ह्यात चांगले जंतू असतात, जिवंत. ते पोटात ठाण मांडतात आणि वाईट जंतूंना जागाच देत नाहीत."

"जिवंत?" गुंडुरावांनी पुडा कानाला लावला.

महिनाभराने ती पुन्हा आली, तर शेडमध्ये तोच वास, तीच पातळ विष्ठा.

"पावडर देता ना, काका?"

"रोज देतो की! देवाशप्पथ."

"आणि अँटिबायोटिक बंद केलंत?"

गुंडुराव छपराकडे बघू लागले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीदेवी ट्रेमध्ये अंडी लावत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अय्यो, बंद कुठलं! पाण्यात पावडर, खाद्यात औषध, वर टाकीत ब्लीचिंग पण!"

"सुम्ने... उगीच आपलं सेफ्टीला," गुंडुराव पुटपुटले.

देवश्रीने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही रोज पाहुणे बोलावता आणि पाटावर बसवून मारून टाकता!"

हे वाक्य गुंडुरावांना फार लागलं. आल्यागेल्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. दुपारी पानावर बसले, पण पहिला घास उचलून पुन्हा पानात ठेवला.

"कोटींनी गेले असतील गं."

"कोण?" लक्ष्मीदेवी दचकल्या.

"जंतू."

त्या दिवसापासून खाद्यातलं औषध बंद. पावडरीसाठी ब्लीचिंग नसलेलं पाणी वेगळं, त्या पिंपावर सावलीला ओलं पोतं. पावडर ढवळताना गुंडुराव स्वतःशीच "निधान, निधान", म्हणजे हळू हळू, असं म्हणत. ट्रकवाल्याने हॉर्न दिला तर जंतू दचकतील म्हणून त्याच्या अंगावर धावून जात. देवश्रीने लसी वेळेवर द्यायला आणि शेड कोरडी ठेवायलाही लावलं. हळूहळू विष्ठा घट्ट झाली, वास कमी झाला. गुंडुराव येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून शेडमध्ये नेत आणि म्हणत, "घ्या, वास घ्या!"

थंडीत मात्र एका कोपऱ्यातल्या कोंबड्या घुरघुरू लागल्या. देवश्रीने तपासण्या केल्या आणि सांगितलं, "ह्यांना वेगळं काढा. आता ह्यांना अँटिबायोटिक द्यावंच लागेल."

"बेडा!" गुंडुराव दारात आडवे झाले. "नको म्हणजे नको! आतले मरतील!"

"थोडे मरतील. नंतर पुन्हा पावडर देऊ. पण कोंबडीच मेली, तर ते राहणार कुठे?"

गुंडुराव दारातून बाजूला झाले. त्यांनी स्वतःच्या हाताने औषध दिलं, पण तोंड फिरवून. औषध अंड्यात उतरतं म्हणून देवश्री परवानगी देईपर्यंत त्या कोंबड्यांचं एक अंडंही बाहेर जाऊ दिलं नाही, सगळी पुरून टाकली. दोन कोंबड्या दगावल्या, बाकीच्या उठून दाणे टिपू लागल्या.

पुढच्या रविवारी लक्ष्मीदेवींचे भाऊ शिवाजीराव जेवायला आले, ते शिंकतच.

"भाऊजी, सर्दी झालीय. घरात अँटिबायोटिकची गोळी आहे काय?"

"डॉक्टरनी लिहून दिलीय?"

"साध्या सर्दीला डॉक्टर कशाला?"

"मग साध्या सर्दीला गोळी कशाला?" असं म्हणून गुंडुरावांनी मेव्हण्याला आतड्यातल्या जंतूंची कथा पहिल्यापासून सांगायला घेतली. सार निवलं, भात निवला, तरी कथा संपेना.

शेवटी शिवाजीराव वैतागले. "मी काय कोंबडी आहे?"

"असता तर एव्हाना ऐकलं असतं," गुंडुराव म्हणाले.

लक्ष्मीदेवींनी हसू दाबत सार पुन्हा गरम करायला ठेवलं.