हळदीचे दोन त्रिकोण

इंदापूरच्या मराठी शाळेत मी हंगामी मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला यायचे होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर परत बारामतीला थोरल्या भावाच्या दुकानात मिरच्या जोखायला.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी शाळेचं भूमितीचं पुस्तक रंगवायला घेतलं! सगळ्या आकृत्या नुसत्या काळ्या रेघांच्या. मुलांना तो काट्याकुट्यांचा ढीग वाटे. बाभळीची काडी चावून कुंचला केला, एका वाटीत हळद कालवली, दुसरीत कपड्यांची नीळ. नियम एकच: जे सारखं, ते एका रंगाचं. रविवारभर रंगवत बसलो, जेवायचीही शुद्ध नव्हती. काय आनंद होता त्यात!

सोमवारी वर्गात पुस्तकातला समांतरभुज चौकोन उघडून दाखवला. त्याचा कर्ण त्याचे दोन सारखे त्रिकोण करतो, म्हणून दोन्ही पिवळेधमक केले होते. वर्गात एकच मुलगी. कळस गावची, इथं मामाकडे राहून शिकणारी. ती म्हणाली, “गुर्जी, ह्यो तर सबंध एकच तुकडा हाय. दोन कुठं हायेत?”

मला असा राग आला! एवढं ढळढळीत दिसतंय आणि हिला दिसत नाही? मी चारदा समजावलं, ती चारदा “न्हाय” म्हणाली.

तेवढ्यात साहेब दारात. तोंडात पान, बोटावर उरलेला चुना. पुस्तक उचलून कडाडले, “सरकारी पुस्तकावर रंगपंचमी खेळलात, मास्तर?”

भावाचा तराजू डोळ्यांपुढे दिसू लागला. साहेब मुलीकडे वळले. “यातला एक त्रिकोण कोणता? हा ना?” असं विचारत त्यांनी खालच्या त्रिकोणावरून खसखसून बोट फिरवलं.

पिवळा त्रिकोण आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

“कुकू झालं!” मुलगी ओरडली. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक. आम्हां दोघा शिकलेल्यांनाच त्याचा विसर पडला होता. “आता दिसलं, गुर्जी! ह्यो लाल, त्यो पिवळा. दोन हायेत, अन् दोनी सारखंच!”

सगळा वर्ग उठून पुस्तकाभोवती गोळा झाला. मला इतका हर्ष झाला की साहेब शेजारी आहेत हेच विसरलो. माझा नियमच उलटा होता! सारखे असले तरी दोघांना रंग दोन हवेत.

साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग बोटाकडे. बोट धोतराला पुसायला गेले आणि थांबले. खालच्या आवाजात म्हणाले, “मास्तर, सरकारी पुस्तक खराब करणारे आता आपण दोघे. शेरेबुक आणा.”

‘भूमिती उत्तम शिकवतात. कायम करण्यास हरकत नाही,’ एवढंच त्यांनी लिहिलं. पुस्तकाबद्दल अवाक्षर नव्हतं. सहीशेजारी मात्र त्यांचं लाल बोट उमटलं होतं.