समोरच्या मावशींची चीटिंग

"चीटिंग!"

मावशी हे बोलायच्या तेव्हा आधी उजव्या हाताचं बोट वर जायचं, मग भुवई, आणि मग आवाज. आवाज म्हणजे कसा, तर त्या पाचव्या मजल्यावर बोलल्या की खाली वॉचमन खुर्चीतून उठायचा. आमच्या येरवड्याच्या बिल्डिंगमध्ये नवीन कोणी राहायला आलं की त्याला पहिले दोन दिवस वाटायचं, समोर भांडण लागलंय. भांडण कुठलं, मावशी दारात बसून कोथिंबीर निवडत असायच्या. "वरून बघ कशी हिरवीगार, आणि आत सगळा चिखल. चीटिंग!"

तुमच्याही ओळखीत असेल बघा असं एखादं माणूस, एकच शब्द घेऊन सगळा संसार करणारं. लिफ्टचा बाण वर दाखवतोय आणि लिफ्ट खाली गेली, चीटिंग. सिरियलमध्ये कालचंच अर्धं आज परत दाखवलं, चीटिंग. वेफर्सच्या पुड्यात नुसती हवा, चीटिंग. मी चहात दूध कमी घातलं, तर कपात बघून, "ए पिको, ही चीटिंग आहे." पोरं जिन्यात खेळताना ओरडतात तीही चीटिंग, आणि वरच्या मजल्यावरच्या एका नवऱ्याबद्दल बायका पदर तोंडाला लावून बोलायच्या तीही चीटिंगच. पण ही दुसरी मावशींना आवडायची नाही. म्हणायच्या, "त्याला आपल्याकडे चांगले मराठी शब्द आहेत, ते वापरा."

स्वतःला साखर, म्हणजे शुगर. तरी पोळीवर गुळाचा खडा. मी नुसतं बघितलं तरी, "डॉक्टरने साखर बंद सांगितलीय. गुळाचं नाव काढलंय का त्याने?"

आयुष्यभर छापखान्यात काम केलेलं होतं त्यांनी. मशीनच्या खडखडाटात शेजारणीशी बोलायचं तर ओरडावंच लागायचं. मशीन सुटलं, ओरडणं राहिलं.

आता पिको म्हणजे मी. घरी साड्यांना पिको-फॉल करते म्हणून. माझं खरं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी नववी नापास, आणि भित्री. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे तुम्ही मला शहाणी समजणार नाही. मी लिफ्टला भिते, डॉक्टरला भिते, फोनवर अनोळखी नंबर आला तर भिते, आणि सासूबाईंचा ओळखीचा नंबर आला तर त्याहून जास्त भिते.

त्या नंबराला भ्यायचं कारण माझी पोरगी. नाव ठेवलं स्वरा. हसू नका. अडीच वर्षांची झाली, तीनला आली, तरी एक शब्द नाही. नुसती बघायची. हात धरून ओढायची, पाणी पाहिजे तर माठाजवळ नेऊन उभी करायची. मी सगळ्यांना सांगायचे, अहो मुलं उशिरा बोलतात, आमचा मामा पाच वर्षांनी बोलला आणि मग थांबलाच नाही. असा मामा मला नाहीच.

सासूबाई गावाला एकट्या राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. संध्याकाळी म्हशीची धार काढून झाली की फोन यायचाच. "बोलली का?" मी म्हणायचे, बोलेल की आत्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "हे बघ, पाडव्यापतोर वाट बघते. न्हाई बोलली तर मी घेऊन जाते तिला. हितं चार पोरांत राहील, बोलंल. तुझ्याच्यानं हुईना."

स्वराचे पप्पा हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. उजाडायच्या आधी जातात, आणि ट्रॅफिकमधून घरी येतात तेव्हा माणूस अर्धा तिकडेच राहिलेला असतो. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आई म्हणते ते बरोबरच आहे. थोडे दिवस जाऊ दे." थोडे दिवस! मला माहिती आहे थोडे दिवस म्हणजे काय. माझ्या जावेचा मुलगा असाच थोड्या दिवसांसाठी गावाला चुलत दिरांकडे गेला होता, तो आता तिला काकू म्हणतो.

पाडवा जवळ आला तसं माझं जेवण कमी झालं. साडीला फॉल उलटा लागायला लागला. आणि एका संध्याकाळी फोन आला, मी घाईत स्पीकर दाबला, आणि आत्या म्हणाल्या, "पोरीकडं दे फोन. बघू तरी."

मी फोन हातात धरून खांबासारखी उभी. स्वरा खाली बसून चिंधीशी खेळत होती. मावशी दारात मेथी निवडत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मेथी बाजूला ठेवली, उठल्या, फोन माझ्या हातातून काढून घेतला, नाक जरा दाबलं आणि एवढ्याश्या आवाजात म्हणाल्या, "आजी, मी जेवले."

तो आवाज त्या देहातून निघाला यावर माझा अजून विश्वास नाही.

पलीकडे सासूबाई रडायलाच लागल्या. "बाई माझी गं! काय जेवलीस?"

"वरणभात."

"आणि काय?"

"तूप." मग मावशींना काय सुचलं देव जाणे, त्या म्हणाल्या, "आजी, तुझा गुडघा कसाय?"

फोन बंद झाला. मी म्हटलं, "मावशी, ही चीटिंग झाली ना?"

"छे. हे खोटं बोलणं झालं. चीटिंग वेगळी." आणि परत मेथीकडे.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी फोन यायचा, मी दार उघडून खूण करायचे, मावशी पदराला हात पुसत यायच्या आणि तीन वर्षांच्या होऊन बोलायच्या. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची पंधरा. गुडघा झाला, म्हैस झाली, शेजारच्या सुनेच्या डोहाळजेवणाला कोण कोण आलं ते झालं. मी कडेला उभी राहून घामाने भिजायचे. मला वाटायचं, तीन वर्षांची पोर डोहाळजेवणाची चौकशी करते हे आत्यांच्या लक्षात कसं येत नाही! पण येत नव्हतं, तर मी कशाला आणून देऊ.

आणि इकडे खरी स्वरा गप्प.

एक दिवस मावशींनी तिच्या पाठीमागे उभं राहून ताटावर पळी वाजवली. मी दचकले. स्वराने मागे बघितलंसुद्धा नाही. मावशी म्हणाल्या, "ए पिको, हिला ऐकू येत नाही. कान तपास."

मी म्हटलं, येतं की! गणपतीत ढोल वाजला की बघते. तुम्ही हाक मारली की बघते.

"मी हाक मारली की वॉचमनपण बघतो. उद्या जा."

उद्या लग्नाच्या साड्या होत्या. परवा तिला सर्दी. मग अमावस्या. मग ह्यांना सुट्टी नाही. मग मला लिफ्टची भीती म्हणून मी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर कशी जाणार, असंही मी एकदा बोलले, आणि ते बोलताना मलाच लाज वाटली. मला सगळं माहिती होतं हो. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. पण डॉक्टर एकदा बोलला की ते खरं होणार, आणि न बोलेपर्यंत माझी पोरगी चांगली आहे, असं मी धरून बसले होते.

मावशींनी बोट वर केलं. मी आपली वाट बघत होते की आता ओरडतील. पण त्या दिवशी आवाज चढलाच नाही.

"चीटिंग म्हणजे काय, सांगते तुला. डावात बसायचं, पण हरायची तयारी नाही. पत्ते वाटू द्यायचे नाहीत, नुसतं पिसतच राहायचं. तू तेच करतेस. आजपासून मी फोनवर बोलणार नाही. आधी दवाखाना, मग आजी."

आणि खरंच बोलल्या नाहीत. मी आत्यांना सांगितलं, झोपली. दुसऱ्या दिवशी, अंघोळ करते. तिसऱ्या दिवशी, शेजारी गेलीय. ते मात्र खरं होतं, ती मावशींच्याच दारात बसली होती.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात सासूबाई. डोक्यावर बाजरीचं गाठोडं, हातात पिशवी, पायात धूळ. लिफ्टने आल्या नव्हत्या, पाच मजले चढून आल्या होत्या, गुडघा तसा असून. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. त्या क्षणी कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हिच्या पोरीत खोट नाही, न बोलायची खोट मुळात हिच्यातच आहे.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि मावशींचा आवाज आला, "कोण आलंय गं पिको, पाणी तरी दे त्यांना!"

सासूबाई वळल्या. मावशींना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का वो ती स्वरा?"

मी भिंत धरली.

"पहिल्या दिशीच कळलं," सासूबाई गाठोडं खाली ठेवत म्हणाल्या. "एवढीशी पोर म्हणती, आजी तुझा गुडघा कसाय. अवो, माझ्या पोटच्यानं कधी इचारलं न्हाई."

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?"

"बोलले असते तर फोन बंद झाला असता की."

मग मावशी हसल्या, आणि त्या हसल्या म्हणजे मजला हसला. सासूबाईही हसल्या. मी एकटी रडत होते. पण सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ते आसू द्या. मी पोरीला न्यायला आलेय."

हे ऐकून मी स्वराला उचललं. पळून कुठे जाणार होते कोण जाणे, पाचवा मजला, आणि लिफ्टला तर मी भिते.

मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "न्या की. नात तुमची आहे. पण कान इथले इथेच ठेवून नेणार आहात का? गावात नेली तरी कान हेच येणार तिच्याबरोबर. आधी तपासा, मग न्या."

त्याच दिवशी गेलो. रिक्षात मी मध्ये, दोन बाजूंना दोघी, मांडीवर स्वरा. मी पळू नये म्हणून तसं बसवलं होतं असं मला वाटतं. दवाखान्यात एक छोटी खोली होती, भिंतींना गाद्या लावलेल्या. स्वराच्या डोक्यावर हेडफोन लावला, काचेपलीकडे एक मॅडम बटणं दाबत होत्या. मी काचेला कपाळ लावून उभी. मॅडम बटण दाबायच्या, स्वरा बघायची नाही. दाबायच्या, बघायची नाही. मी मनात म्हणत होते, बघ गं, एकदा तरी बघ गं. मग मॅडमने आवाज खूप वाढवला असावा. स्वरा दचकली आणि माझ्याकडे बघून हसली.

दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं म्हणाल्या. मशीन लावावं लागेल. बोलायला शिकवावं लागेल, दर आठवड्याला इथे यायचं, एकही आठवडा चुकवायचा नाही. बोलेल का? म्हणाल्या, बोलेल, पण वेळ लागेल, अजून आधी आणायला हवी होती.

मी बाकावर बसले. ज्याला भीत होते ते ऐकून झालं होतं. सासूबाईंनी स्वराचे केस सारखे केले आणि मला म्हणाल्या, "दर आठवड्याला हितं यायचं म्हणत्यात. मग हितंच ऱ्हाऊ दे तिला. तूच ने-आण कर."

तर असा तो डाव मी हरले, आणि पोरगी माझ्याकडे राहिली.

कानाला मशीन लावून घरी आणली त्या दिवशी मावशी जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. "आली का गं माझी राणी!" असं त्या नेहमीसारखं म्हणाल्या, आणि स्वराने दोन्ही कानांवर हात ठेवून भोकाड पसरलं. मावशींचा चेहरा असा झाला की काय सांगू. बोट वर गेलं होतं ते तसंच राहिलं.

त्या दिवसापासून मावशी हळू बोलायला शिकल्या. या वयात, छापखान्याच्या मशीनवर आयुष्य काढलेल्या बाईने! दारात यायच्या, स्वराच्या समोर खाली बसायच्या, गुडघे कुरकुरायचे, आणि तिच्या तोंडाकडे बघत सावकाश म्हणायच्या, "पा-णी. फू-ल. मा-व-शी." बाकी जगाशी ओरडणं चालूच. कोथिंबीरवाल्याला काही सवलत नव्हती. संध्याकाळी फोन आला की तोही घ्यायच्या, आता स्वतःच्याच आवाजात, आणि दोघी म्हाताऱ्या अर्धा तास एकमेकींची औषधं विचारायच्या. स्वरा त्यांच्या मांडीत बसून फोनकडे बघायची. बोलायची नाही.

थंडीत मावशींची तब्येत बिघडली. साखर वाढली, मग पाय सुजले, मग त्यांची मुलगी वाघोलीहून येऊन त्यांना घेऊन गेली. मी डबा घेऊन जाणार होते रविवारी. शनिवारीच फोन आला, मावशी गेल्या म्हणून. आता समोर चार मुलं राहतात, कंपनीत कामाला आहेत. दार बंद असतं. चांगली आहेत, आवाज नसतो त्यांचा.

परवाची गोष्ट. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, मी कणीक मळत होते, हात भरलेले, म्हणून कोपराने स्पीकर दाबला. बोलायचे एवढ्यात नळ फुसफुसला आणि बंद पडला. स्वरा फोनजवळ उभी होती. ती नळाकडे बघून, मग फोनकडे बघून, एकदम म्हणाली, "आजी, पाणी गेलं."

जड बोलते ती, जिभेला काहीतरी चिकटल्यासारखं. पण स्पष्ट होतं. माझे हात कणकेत तसेच.

पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "ही खरी हाय गं."

मी म्हटलं, "कशावरून, आत्या?"

"ती दुसरी लई गोड बोलायची. जेवले, झोपले, गुडघा कसाय. खऱ्या पोरीला कुठं एवढं गोड येतंय."

मग त्या हसल्या, मीही हसले, स्वरा दोन्ही हातांनी नळ हलवत होती. थोड्या वेळाने फोनमधून त्यांचा आवाज आला, एकदम हळू.

"त्या बाईला कळवायला पायजे होतं गं."